बांधावरच्या चाळीस मुठी

एकोणतीस जणांना शून्य दिल्याची यादी बोर्डावर लावून मी खुर्चीत टेकतो न टेकतो, तोच प्रतिभा स्टाफरूमच्या दारात उभी. हातात परीक्षेचा फॉर्म. यादीत तिचं नाव सातवं होतं.

खालापूर तालुक्यातल्या एका कॉलेजात मी क्रिमिनल लॉ शिकवतो. मूळचा पुण्याचा, त्याआधी बारा वर्षं वकिली केलेली. पहिल्याच तासाला मी वर्गाला माझ्या अपेक्षा सांगून टाकतो. कलम नव्या न्याय संहितेतलं आणि जुन्या आयपीसीतलं, दोन्ही लिहायचं. आधी गुन्ह्याचे घटक मांडायचे, म्हणजे काय काय सिद्ध झालं की तो गुन्हा ठरतो ते, आणि मग हकीकत त्याला लावून बघायची. उत्तरं एकमेकांसारखी दिसली तर सगळ्यांना शून्य. मुलं पाठीमागे मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

इंटर्नलची असाइनमेंट वीस मार्कांची, वर्गात बसून लिहायची. हकीकत मीच रचली होती, बाइकवरून जाता-येता जे दिसतं त्यावरून. लावणी उरकल्यावर एका शेतकऱ्याच्या बांधावर भाताच्या रोपांच्या चाळीस मुठी, म्हणजे जुड्या, पडल्या होत्या. शेजाऱ्याने न विचारता त्या नेल्या आणि आपल्या शेतात लावल्या. चोरी झाली का? मला उत्तर उघड वाटत होतं. दुसऱ्याची वस्तू, त्याच्या ताब्यातून, संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूने हलवली. कलम ३०३. तरी अडतीसपैकी एकोणतीस जणांनी लिहिलं, ‘चोरी नाही, कारण मुठी बांधावर होत्या.’ तेच कारण, एकोणतीस वेळा. माझं डोकंच फिरलं.

प्रतिभा साजगावच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे. कॉलेजसाठी तिला दुपारची शिफ्ट बदलून मिळाली होती, तीसुद्धा एवढ्या वर्षापुरतीच. इंटर्नलमध्ये आठ मार्क नसतील तर परीक्षेला बसता येत नाही. वर्ष गेलं असतं तर तिचं शिक्षण तिथेच थांबणार होतं. हे मला माहीत होतं आणि तरी मी शून्य दिलं होतं, कारण नियम म्हणजे नियम.

“सर, कॉपी केली असती तर शेलूच्या पोरांनीपण तेच लिवलं असतं,” ती म्हणाली. “आमी त्यांच्याच बाकांवर बसलो होतो.”

मी गठ्ठा परत उघडला. चोरी झाली असं लिहिणारे नऊ जण. शेलू-नेरळच्या नव्या इमारतींमधून येणारे सगळेच्या सगळे त्यात होते. आणि एकोणतीस जणांचे पत्ते पाहिले तर गावंच गावं, एकही फ्लॅट नाही. बाकांवर सगळे मिसळून बसले होते, उत्तरं मात्र गावानुसार फुटली होती. वकिली सोडून इतकी वर्षं झाली, पण असा पुरावा समोर आला की अंगात जी तरतरी येते ती त्या क्षणी आली. मी ताडकन उठलोच.

पण नुसत्या तर्कावर शून्य खोडता येत नाही. मी तिला म्हटलं, शनिवारी मॉक ट्रायल घेऊ, म्हणजे लुटुपुटूचा खटला. सरकारी वकील मी, आरोपीची वकील तू. जिंकलीस तर सगळे पेपर नव्याने तपासतो. ती लगेच हो म्हणाली. फक्त एक साक्षीदार आणायची परवानगी तिने मागितली.

शनिवारी वर्ग गच्च भरला. शेजारच्या वर्गातली मुलं खिडक्यांना लटकली. न्यायाधीश म्हणून प्राचार्य मॅडम बसल्या. साक्षीदार म्हणून आल्या प्रतिभाच्या चांगुणामावशी, कशेळ्याहून जीप पकडून. मी लगेच हरकत घेतली की मावशी घटनेच्या वेळी हजर नव्हत्या. मॅडम म्हणाल्या, गावात काही रूढी आहे की नाही हे ती पाळणाऱ्या माणसालाच विचारणार ना? हरकत फेटाळली.

मी उलटतपासणीला उभा राहिलो. मावशींनी उलट मलाच विचारलं, “मास्तर, मुठी पाण्यात उभ्या होत्या का बांधावर पडल्या होत्या?”

साक्षीदाराने वकिलाला प्रश्न विचारायचा नसतो. पण सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी माझाच कागद वाचला. “बांधावर.”

“लावणी झाली होती?”

“झाली होती.”

“मंग त्या उरल्या. मालकाला लागायच्या असत्या तर त्यानं पाण्यात उभ्या केल्या असत्या. बांधावर टाकल्या म्हंजी ज्याला कमी पडल्या त्यानं न्यायच्या. इचारायला कशाला जायचं? त्यानं टाकून सांगितलंच हाय.”

उत्तर माहीत नसलेला प्रश्न उलटतपासणीत विचारू नये, हे मी दरवर्षी शिकवतो. तरी विचारलाच. “आणि कुणी पाण्यातल्या नेल्या तर?”

“तर ती चोरी. माझ्या नेल्या तर मी गाव गोळा करीन.”

झालं. रूढी कोर्टात टिकायची तर ती कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे स्पष्ट असावं लागतं. ते मीच मावशींकडून वदवून घेतलं होतं. प्रतिभा उठली आणि तिने तीन वाक्यांत आटोपलं. संमती बोलूनच द्यावी लागते असं नाही, वागण्यातूनही देता येते. मुठी टाकतानाच मालकाने ती दिली. संमती आहे म्हटल्यावर चोरी नाही. खटला हरताना इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. आरोपी निर्दोष सुटला आणि मुलांनी बाकं बडवली.

सोमवारपर्यंत मी एकोणतीस पेपर नव्याने तपासले. नऊ जणांचे मार्क तसेच ठेवले, त्यांनी घटक बरोबर मांडले होते. प्रतिभाला सतरा मिळाले. फॉर्मवर सही घेताना तिने विचारलं, “तीन कुठं गेले, सर?” मी म्हटलं, जुन्या आयपीसीचं कलम लिहायला विसरलीस. तिने ते तळहातावर लिहून घेतलं आणि शिफ्टला पळाली.

संमती मी इतकी वर्षं पुस्तकातून शिकवत आलो. आता ती शिकवताना मुठी कुठे होत्या, हे आधी विचारतो.

त्याच सोमवारी मी परीक्षा विभागाला पत्र लिहिलं. ‘सदर विद्यार्थ्यांनी कॉपी केलेली नाही. त्यांना उत्तर आधीपासून येत होतं. परीक्षकाला येत नव्हतं.’ मॅडमनी ते दोनदा वाचलं आणि एकही शब्द न बदलता सही केली.