आक्काच्या गठ्ठ्यातला वरचा पेपर

परतूरच्या स्टेशनवर पंचवीस वर्षं पेपर विकणाऱ्या आक्काला वाचता येत नव्हतं. नव्या माणसाला हे कळलं की तो आधी हसायचा आणि दोन-चार दिवसांनी तिच्यासमोर जपून बोलायला लागायचा. कुठला पेपर किती खरं लिहितो हे आक्काइतकं नेमकं आख्ख्या तालुक्यात कुणाला सांगता यायचं नाही. आम्ही शिकलेली माणसं आपल्या मताचा एक पेपर घ्यायचो आणि आपलंच मत कसं बरोबर आहे याची रोज सकाळी चहाबरोबर खात्री करून घ्यायचो. आक्काला ती सोय नव्हती.

नवरा वारल्यावर त्याची जागा तिनं घेतली होती. औरंगाबादकडून येणारी सकाळची गाडी गठ्ठे टाकून गेली की आक्का लिंबाखाली पोतं अंथरून बसायची. नावाच्या रंगावरून ती पेपर ओळखायची. एक तांबडा, एक काळा. ते दोनच जास्त खपायचे. मग दोन माणसं समोर बसवायची. एक चहावाले रशीदभाई, मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. दुसरा मी. बी.एड. होऊन नोकरीची वाट बघत होतो आणि तोवर तांबड्या पेपरचा परतूरचा वार्ताहर म्हणून मिरवत होतो. एकच बातमी दोघांनी दोन पेपरांतून मोठ्यानं वाचायची. आक्का डोळे मिटून ऐकायची. मधेच एक डोळा उघडायची.

"थांब रे वार्ताहर. रशीदभाईच्या पेपरात त्या दुसऱ्या माणसाचं म्हणणं हाये. तुझ्यात काहून न्हाई?"

"जागा नसेल पुरली, आक्का."

"आन् साहेबाच्या एवढ्या मोठ्या फोटुला पुरली?"

रशीदभाई मिशीत हसायचे आणि मी पान उलटायचो.

दोघांचं वाचून झालं की निकाल लागायचा. ज्या पेपरात दोन्ही बाजू असतील, तो त्या दिवशी गठ्ठ्यात सगळ्यात वर. एकतर्फी असेल तो तळाशी. विकायची मात्र सगळे. कुणी तळातला मागितला तर कुरकुर न करता ओढून काढायची, फक्त हातात देताना म्हणायची, "दमानं वाचा." गावात हे 'दमानं वाचा' इतकं रुळलं होतं की मोंढ्यात एखादा व्यापारी थापा मारायला लागला की समोरचा शेतकरी म्हणायचा, दमानं वाचा शेठजी. माझा तांबडा पेपर बहुतेक दिवस तळाशीच असायचा. मला तेव्हा त्याचा रागही यायचा. अक्षरशत्रू बाई, आणि पेपरला पास-नापास करते!

एका निवडणुकीच्या आधी काळ्या पेपरनं साहेबांविरुद्ध काही छापलं. साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी, शाळा, बँक, बाजार समिती सगळं त्यांच्याच मुठीत. त्यांची दहा-बारा पोरं काळा पेपर जाळायला रॉकेलचा डबा घेऊन स्टेशनवर आली. आक्का उठली, काळ्या पेपरचा गठ्ठा जमिनीवर ठेवला आणि त्यावर मांडी घालून बसली.

"आक्का, उठा. तुम्हाला तरी कुठं पटतो हा पेपर? त्यालाही शिव्या घालताच की!"

"बिलकुल पटत न्हाई. म्हणून काय जाळू देऊ? जाळायचाच असंल तर इकत घ्या, घरी न्या, वाचा आन् मंग खुशाल जाळा. न वाचता जाळायला ती काय होळी हाये?"

पोरं थोडा वेळ घुटमळली आणि निघून गेली. त्यातल्या एकानं परत येऊन गुपचूप एक अंक विकत नेला. त्यानं तो जाळला की वाचला, देव जाणे.

मताच्या बाबतीत तर आक्का पक्की होती. नवरा मरेपर्यंत तिला विचारत होता, शिक्का कुणावर मारलास म्हणून. तिनं सांगितलं नाही. "संसार दोघांचा होता, पर मत माझं एकटीचं व्हतं," असं ती म्हणायची, आणि पदराआड हसायची.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो, ती सांगतो. इतका वेळ आक्काच्या गमती सांगत तिच्याभोवती फिरत होतो, कारण जवळ गेलो की मान खाली जाते.

त्याच निवडणुकीत मोंढ्यात साहेबांची सभा झाली. मी पुढच्या रांगेत वही घेऊन बसलो होतो. भाषण रंगात आलं होतं, आणि बायकांच्या बाजूनं आक्का उभी राहिली.

"साहेब, मागल्या बारीला ह्याच जागी उभं राहून तुम्ही नळ देतो म्हणल्ते. पाईप आल्ते, पडून राह्यले, आता त्यात कुत्री व्यायलीत. पाणी कधी येणार तेवढं बोला, मंग पुढचं ऐकतो."

मोंढा खदाखदा हसला. साहेबही हसले, पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. कार्यकर्त्यांनी आक्काला दंडाला धरून बाहेर नेलं आणि कर्ण्यावर गाणं लावलं. यापलीकडे काही घडलं नाही. मी दहा हातांवर होतो.

संध्याकाळी मला प्रचार कार्यालयात बोलावणं आलं. साहेबांच्या भाच्यानं चहा पाजला आणि लिहिलेला कागद पुढं सरकवला. 'स्टेशनवर पेपर विकणाऱ्या एका मद्यधुंद महिलेने विरोधकांच्या चिथावणीवरून सभेत गोंधळ घातला. सुज्ञ नागरिकांनी तिला आवरले.' मी म्हणालो, "आक्का पीत नाही हो." तो म्हणाला, "ते आम्हाला ठाऊक हाये, सर."

'सर.' माझा अर्ज साहेबांच्या संस्थेत पडून होता. मराठीच्या शिक्षकाची जागा जूनमध्ये भरायची होती. त्यानं धमकी दिली नाही, वचनही दिलं नाही. एवढ्या एका शब्दात काम झालं. मी तो मजकूर माझ्या अक्षरात उतरवला, पाकिटात घातला आणि औरंगाबादला जाणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरकडे दिला. पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेतो, असं घरी येताना मनाशी म्हणालो. संपादक मद्यधुंद शब्द काढतील, अशी एक खुळी आशाही धरली. संपादकांनी काना-मात्राही हलवला नाही.

तिसऱ्या दिवशी बातमी छापून आली. नेमके रशीदभाई त्या दिवशी लग्नाला कुंभार पिंपळगावला गेले होते. आक्का माझीच वाट बघत होती. नवं लुगडं नेसली होती.

"माझं आलं का रे सभेतलं?"

मी पान उघडलं. तिसऱ्या पानावर वरच होतं. पानापलीकडे माझ्याकडे बघणारा तिचा चेहरा होता. खरं वाचायचा धीर झाला नाही, आणि आलंच नाही म्हणावं तर ती कुणाकडून तरी वाचून घेणार. मी वाचायला लागलो, "सभेत एका ज्येष्ठ भगिनीने पाणीपुरवठ्याबाबत निर्भीड प्रश्न विचारला. साहेबांनी त्याची तत्काळ दखल घेतली." कागदावर यातलं एक अक्षर नव्हतं. तिला वाचता येत नाही, याचा असा उपयोग आजवर कुणी केला नव्हता. मी केला.

आक्कानं पदर सारखा केला. मग म्हणाली, "साहेबाच्या पेपरानं माझी बाजू छापली. मोठेपणा हाये त्यांचा." आणि तिनं तांबडा पेपर उचलून गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवला.

गाडीच्या प्रत्येक माणसाला ती स्वतः पान उघडून देत होती. "तिसरं पान बघा. माझी बातमी हाये." माणसं वाचत, तिच्याकडे बघत आणि पुढं जात. मी हे सगळं फलाटाच्या टोकाला उभं राहून पाहिलं. पळत जाऊन तो गठ्ठा उचलावा असं दहा वेळा वाटलं. पाय निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी गेलो तर रशीदभाई परतले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. समोर चहा उतू चालला होता. आक्का म्हणाली, "कालचंच वाच बरं पुन्हा."

तिला सगळं कळलं होतं, हे मला तिच्या आवाजावरून समजलं. ती मला एक संधी देत होती. तेवढं खरं वाचलं असतं तर, मला आजही वाटतं, तिनं दोन शिव्या घातल्या असत्या आणि चहा पाजला असता. मी पुन्हा खोटंच वाचलं. आणि काल काय रचलं होतं तेही धड आठवेना. कालची 'ज्येष्ठ भगिनी' आज 'वयोवृद्ध माता' झाली.

आक्कानं डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बरं वाचता तुम्ही," ती म्हणाली.

तोवर ती मला अरे-तुरे करायची. त्यानंतर पुन्हा कधी 'तू' म्हणाली नाही. वाचायलाही कधी बसवलं नाही.

पुढं फलाटावरची टवाळ पोरं झोकांड्या खात तिच्यासमोरून जायची आणि विचारायची, "आक्का, आज किती मारली?" अंकुशनगरला तिची लेक दिली होती, जावई कारखान्यात होता. तिथंही तो पेपर पोचला. नातवाच्या बारशाला येऊ नका, असा सासरहून निरोप आला. मला त्याच जूनमध्ये नोकरीची ऑर्डर मिळाली. आईनं पेढे वाटले.

रशीदभाईंनी तिला सांगून पाहिलं, "आक्का, वो तांबडा पेपर रखनाच बंद करो." हे त्यांनीच मला पुढं कधीतरी सांगितलं, बहुधा मुद्दाम. आक्का म्हणाली होती, "बंद काहून? लिहू द्या त्यांना. कुणाकुणाचं लिहिणं बंद करणार? मलाच वाचता यायला पायजे व्हतं."

काही वर्षांनी गावोगावी साक्षरतेचे वर्ग निघाले. आमच्या शाळेत स्टेशनजवळचं केंद्र होतं आणि तिथं शिकवायला मी होतो. आक्का गावाच्या दुसऱ्या टोकाच्या वर्गाला जायची. गुडघे धरलेले असताना रोज तेवढं चालायची. तिथल्या मास्तरांनी मला कौतुकानं सांगितलं, बाई साठीची आहे, पण जोडाक्षरांच्या मागंच लागली आहे. मी बरं बरं म्हणालो.

आक्का जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ती गेली तेव्हा तांबड्या पेपरनं जुना वार्ताहर म्हणून माझ्याकडेच चार ओळी मागितल्या. माझा हात धजला नाही. प्रकृतीचं कारण सांगितलं. त्या चार ओळींत ती जाण्याच्या काही वर्षं आधीची एक सकाळ घालावी लागली असती.

त्या सकाळपर्यंत रेल्वेची छोटी लाइन जाऊन मोठी आली होती, फलाट नवा झाला होता, आक्का मात्र लिंबाखालीच बसायची. मी पेपर घ्यायला वाकलो तर म्हणाली, "बसा सर, दोन मिनिटं. घाई न्हाई ना?"

बसलो. पोत्याखालून तिनं प्लास्टिकची पिशवी काढली. पिशवीतून घडी घातलेला पिवळा पडलेला पेपर काढला. नाव अजून तांबडं होतं. तिसरं पान उघडलं, अक्षरांखाली बोट धरलं आणि वाचायला लागली.

"पर-तूर. वार्-ता-ह-रा-क-डून." थांबली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा बोट धरलं. "स्टे-शन-वर पे-पर वि-क-णा-ऱ्या ए-का म..." बोट तिथंच अडलं.

"हे अक्षर येत न्हाई मला, सर. काय हाये?"

"द्य," मी म्हणालो. "मद्य."

"मद्य म्हंजी?"

म्हणजे काय, ते तिला पंधरा वर्षांपूर्वीच गावानं सांगितलं होतं. तरी ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी मराठीचा शिक्षक. अर्थ सांगायचंच काम माझं.

"दारू, आक्का."

"हां," असं म्हणून तिनं पुढचं सगळं वाचलं. 'सुज्ञ'पाशी पुन्हा अडली, तेही मीच सांगितलं. संपल्यावर तिनं बोट उचललं.

"बराबर वाचलं का?"

"बराबर वाचलंस," मी म्हणालो. माफ कर म्हणायचं होतं. ते दोन शब्द तेव्हाही निघाले नाहीत.

तिनं पेपरची घडी घातली, पिशवीत ठेवली, पिशवी पोत्याखाली सारली.

"मंग आज कुठला देऊ?"

सवयीनं तोंडातून निघून गेलं, "तांबडा."

आक्कानं गठ्ठ्याच्या अगदी तळातून तो ओढून काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "दमानं वाचा, सर."