लाल दिवा लागेस्तोवर धुरी

"म्याडम, तुमचा दिवा लय गुणाचा हाय," अन्साबाई म्हणाल्या. "धुरी पुरली की लाल व्हतो. न्हाई झाला तर मी अजून एक गवरी टाकते."

मी बाळंतिणीच्या खोलीच्या दारात उभी होते. काय झालंय ते मला लगेच कळलं.

गाव देवगाव फाट्यापासून थोडं आत. अन्साबाईंची लेक पूजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. बाळ बारा दिवसांचं. आमच्याकडे अंघोळीनंतर बाळ-बाळंतिणीला धुरी देतात. निखाऱ्यावर ओवा, शेपा, लसणाची टरफलं टाकायची आणि अंगाला धूर द्यायचा. त्या धुराचा बाळाच्या छातीवर काय परिणाम होतो, हे आमचं संशोधन. कोनाड्यात डब्याएवढं यंत्र तीन दिवस ठेवायचं. ते हवेतला धूर मोजतं. धूर फार झाला की दिवा लाल. त्या दिव्यावर काळी टेप चिकटवायची असा नियम होता, म्हणजे लोक दिव्याकडे बघून वागणं बदलत नाहीत. टेप माझ्या पर्समध्येच राहिली होती.

तो दुसरा दिवस. तेवढ्यात आमच्या संशोधनाच्या प्रमुख सरांचा फोन आला.

"सेलूकडची घरं झाली का?"

"हे शेवटचं, सर."

"रीडिंग कसं येतंय?"

"चांगलं येतंय."

टेपचं बोलले असते तर घर बाद झालं असतं. मग नवी बाळंतीण शोधा, सह्या घ्या, पुन्हा तीन दिवस. शिवाय यंत्र निघेपर्यंत आम्ही फक्त बघायचं, सल्ला द्यायचा नाही, हाही नियमच होता. त्या नियमाच्या आडोशाला मी बरी लपले. अन्साबाईंना म्हणाले, "तुमचं चालू द्या नेहमीसारखं."

हे वाक्य मी कुठल्याच रिपोर्टमध्ये लिहिलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी यंत्र काढायला गेले तर पूजा रडवेली. "म्याडम, सकाळपासून दूध वढंना झालंय."

बाळाचे श्वास पोटाकडे बघून मोजतात, पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि साठ किंवा त्याहून जास्त भरले, तर धोका. मी मोजले. अडुसष्ट. पुन्हा मोजले. सत्तर. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत होता.

आमच्या जीपनं सेलू गाठलं. अन्साबाईंनी बाळ छातीशी धरलेलं. दवाखान्यात ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी विचारलं, "धूर कोणी दिला याला?"

"म्या दिला. माझ्याच हातानं."

डॉक्टर त्यांना खूप बोलले. मी शेजारी फाईल धरून उभी होते.

आठवड्यानं बाळ घरी आलं. मी त्या घराचं रीडिंग बाद केलं. कारण लिहिलं, 'यंत्रात बिघाड'.

बाळ आता पहिलीत जातं. दर हिवाळ्यात मी फोन करून त्याच्या छातीची चौकशी करायचे. पूजाला वाटायचं, म्याडम किती मायाळू.

गेल्या महिन्यात पूजा दुसऱ्यांदा बाळंत झाली. मी भेटायला गेले. अन्साबाई बाहेर ओट्यावर बसलेल्या.

"आत चला की, आजी."

"नगं. माझा हात चांगला न्हाई."

पूजा आतून म्हणाली, "वीस दिस झाले, म्याडम. आईनं लेकराला एकदाबी मांडीवर घेतलं न्हाई. आमी सांगून सांगून दमलो."

मी ओट्यावर बसले आणि सगळं सांगितलं. दिवा, टेप, सरांचा फोन, 'चालू द्या नेहमीसारखं'.

अन्साबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"म्हंजी तुमाला ठाव व्हतं?"

"हो."

"आन् डाक्टर मला वरडायला व्हता, तवा तुमी तिथंच उभ्या व्हत्या?"

"हो."

"आन् आज सांगायलाव!"

त्या उठल्या. मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात साबणानं धुतले, पदराला पुसले आणि पुन्हा ओट्यावर येऊन बसल्या. "पूजे, दे गं हिकडं."

पूजानं बाळ बाहेर आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं. बाळानं जांभई दिली आणि तिथंच झोपून गेलं.

"म्याडम, निस्तं बघत बसू नका. मोजा."

मी घड्याळ लावलं. पूर्ण एक मिनिट.

"किती?"

"बेचाळीस. एकदम छान."

"दिव्याबिगर येतंय की मोजायला," अन्साबाई म्हणाल्या. माझ्याकडे न बघता. मग पूजाला म्हणाल्या, "म्याडमला च्या टाक."

परत आल्यावर जुनी फाईल काढली. 'यंत्रात बिघाड' खोडून खरं कारण लिहिलं आणि सही केली. सर म्हणाले, "आता याची काय गरज होती?" तरी आमच्या नियमांत आता एक ओळ वाढली आहे: बाळाला धोका दिसला, की मोजणी बंद करून आधी बोलायचं. टेपची ओळ मात्र जुनीच आहे. ती मला तेव्हाही पाठ होती.