जुना नंबर चौदा

तंजावर राणोजीराव कृष्णाजीराव. जन्म तंजावर, १८९३. मृत्यू मद्रास, वेस्ट मांबलम, ९ फेब्रुवारी १९६३. रेल्वेच्या पार्सल कचेरीत एकतीस वर्षे नोकरी. १९४८ साली निवृत्त. पत्नी कनकाबाई. अपत्य एक, गजेंद्र. राहण्याचे ठिकाण १९३१ पासून अखेरपर्यंत एकच: पिळ्ळैयार कोइल गल्ली, घर नंबर चौदा. या शेवटच्या तपशिलात पुढे एक दुरुस्ती झाली, आणि ती माझ्या आग्रहाने झाली. हे टिपण तिच्यासाठीच लिहीत आहे.

मी मूळचा साताऱ्याचा. भूमापन कचेरीत नकाशे काढण्याच्या कामावर मद्रासला आलो आणि १९३८ पासून कृष्णाजीरावांच्या समोरच्या घरात राहिलो. त्यांचे मराठी तंजावरचे, जुन्या वळणाचे, मधूनच तमिळ शब्द येणारे, माझे शाळामास्तरी. ते मला ‘सार’, म्हणजे सर, म्हणत. त्यांच्या दाराबाहेरचा ओटा, ज्याला ते तिण्णै म्हणत, ही आमच्या गल्लीची चौकशीची खिडकी होती. रेशनकार्डावर नाव कसे चढवावे, विहिरीवर जाळी कशी बसवावी म्हणजे हत्तीपायाचे डास होत नाहीत, नळाला पाणी किती वाजता येते, तांबरमच्या गाडीला कोणत्या डब्यात जागा मिळते, हे सारे तिथे विचारले जाई. कृष्णाजीराव उत्तर देत आणि उत्तर बरोबर निघाले की नाही, हे दुसऱ्या दिवशी स्वतः विचारून घेत.

मद्रासजवळच्या आवडी या गावातील कारखान्यात नोकरीला लागलेल्या एका तरुणाची पत्नी कुमुदिनी नागपूरहून नवीन आली होती. ती एके सकाळी रागाने लाल होऊन ओट्यापाशी उभी राहिली.

“आजोबा, दूधवाला गाय दारात आणतो, माझ्या डोळ्यांसमोर दूध काढतो, तरी दूध निळं! हे कसं?”

“काढण्याआधी तांब्या पालथा करून दाखवतो काय?”

“दाखवतो ना. रोज.”

“तर मग त्याच्या खांद्यावरला टॉवेल पाहा, अम्मा. ओला असला तर म्हणावं, बाबा, आधी तो तिकडं जाऊन पीळ.”

दुसऱ्या दिवशी कुमुदिनी हसतच आली. टॉवेलातून अर्धा पेला पाणी निघाले होते. “तुम्ही पूर्वी दूध विकत होतात का हो?” तिने विचारले.

“नाही. पार्सल कचेरीत होतो. लबाडी ओली असो की कोरडी, सगळी तिथूनच जात असे.”

लहान मुलांच्या आईबापांना त्यांचा एक सल्ला न मागता मिळे. मूल बोलू लागले की देवाचे नाव मागाहून शिकवा, घराचा नंबर आधी. याला कारण होते. १९३३ साली मैलापूरच्या उत्सवात पाच वर्षांचा गजेंद्र गर्दीत हरवला. तीन तासांनी एका पोलीस शिपायाने त्याला घरी आणून पोचवले; कारण रडता रडता ते मूल तमिळमध्ये एवढेच म्हणत होते, “पदिनालु, पिळ्ळैयार कोइल तेरू.” पदिनालु म्हणजे चौदा, तेरू म्हणजे गल्ली. तो प्रसंग कृष्णाजीराव वर्षातून एकदा तरी सांगत आणि ‘पदिनालु’ हा शब्द मुलाच्या आवाजात म्हणत.

१९५७ नंतर त्यांनी तो सांगणे बंद केले. त्या वर्षी गजेंद्रने, तो तेव्हा तांबरमला शिक्षक होता, मीनाक्षी नावाच्या तिथल्याच एका शिक्षिकेशी लग्न केले. मुलगी तमिळ, दुसऱ्या जातीची. दोघे नमस्काराला आले तेव्हा कृष्णाजीरावांनी ओट्यावर उभे राहून, गल्ली ऐकत असताना, सांगितले, “या उंबऱ्यावर पाऊल ठेवायचं नाही.” गजेंद्रने हातातली फळांची पिशवी ओट्यावर ठेवली आणि तो गेला. पुढे तो उत्तरेकडे कुठे नोकरीला गेल्याचे कानावर आले. कुठे, ते कोणाला ठाऊक नव्हते.

ज्यांनी सगळ्या गल्लीला सरकारी कचेऱ्यांच्या वाटा दाखवल्या त्यांना मुलाचा पत्ता काढणे अवघड नव्हते. मी तसे एकदा बोललो. त्यांनी पंचांगात जपून ठेवलेले एक कोरे इनलँड पत्र काढून दाखवले. पाठवणाऱ्याच्या जागी त्यांचे नाव आणि पत्ता लिहिलेला होता. बाकी सारे रिकामे.

“दार मी लावलं, सार. आता मी कोणत्या तोंडानं हाक मारू? त्याची एक ओळ येऊं द्या. त्याच दिवशी हे टाकतो. पत्ता त्यास पाठ आहे.”

१९६१ च्या आरंभी आमच्या गल्लीच्या घरांना नवे क्रमांक मिळाले. जुन्या क्रमांकांना काही धरबंद नव्हता: नऊनंतर नऊ बटे एक, नऊ बटे दोन, मग समोर एकदम चौदा आणि चौदाच्या पलीकडे अकरा. माझ्यासारख्या नकाशे काढण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ते रोज टोचत असे. नव्या क्रमाने माझे नऊ बटे दोन हे घर चौदा झाले आणि कृष्णाजीरावांचे चौदा हे एकतीस. गल्लीच्या मंडळाचा मी चिटणीस होतो. जुने आकडे सर्व दारांवरून एकाच दिवशी खरवडून काढावेत, असा ठराव मी मांडला. बैठक अर्थातच त्यांच्या ओट्यावर होती.

“नवा मोठा लिहा,” कृष्णाजीराव म्हणाले, “आणि जुना त्याखाली लहान अक्षरांत राहूं द्या.”

“एका दारावर दोन नंबर म्हणजे एका माणसाला दोन नावे. त्याने घोटाळा मिटत नाही, कायम होतो,” मी म्हणालो.

“आमच्यांत लग्नात बायकोचं नाव बदलतात, सार. माहेरचं एक, सासरचं एक. आजवर कोणाची बायको हरवली नाही.”

सगळे हसले. हसू ओसरल्यावर ते खालच्या आवाजात म्हणाले, “कोणी दूर असतो. त्यास नवा नंबर कोण कळवणार?”

ते कोणाविषयी बोलत होते हे मला समजले होते. मी उत्तर दिले, “सुब्बा पोस्टमन तुम्हाला तीस वर्षे ओळखतो. नंबर नसला तरी पत्र आणील.” हे खरे होते आणि सोयीचेही. ठराव मंजूर झाला. “सरी,” एवढेच ते म्हणाले. म्हणजे ठीक आहे. रंगारी त्यांच्या दाराशी आला तेव्हा कनकाबाई आतून म्हणाल्या, “तो राहूं द्या हो.” कृष्णाजीरावांनी त्यांना गप्प केले आणि शिडी स्वतः धरली.

पुढल्या वर्षी सुब्बा निवृत्त झाला. त्याच्या जागी रामस्वामी हा तरुण, काटेकोर पोस्टमन आला. तो लिफाफ्यावरचा नंबर पाही आणि तिथे पत्र टाकी. कृष्णाजीराव त्याच आठवड्यात रस्ता ओलांडून माझ्याकडे आले. बसा म्हटले तरी बसले नाहीत.

“चौदा नंबर आता तुमचा. त्यावर माझ्या नावाचं काही आलं तर तेवढं मज पोचवा, सार.”

मी वचन दिले आणि पाच महिने ते पाळले. पण येणारी पत्रे एकदोन नव्हती. तंजावरकडून नोकरीसाठी येणाऱ्या मुलांना स्वतःचा पत्ता वापरू देण्याची त्यांची जुनी पद्धत होती. कोणाच्या मुलाखतीचे बोलावणे, कोणाच्या घरची ख्यालीखुशाली, सारे ‘द्वारा कृष्णाजीराव, नंबर १४’ म्हणून माझ्या खिडकीत पडू लागले. पत्रांची चौकशी करायला अनोळखी मुले दुपारी दार ठोठावू लागली. माझी विश्रांती मोडे. त्याहून अधिक, दीड वर्ष उलटूनही लोक जुना नंबर लिहितात याचा मला राग येई. २ जुलै १९६२ रोजी मी माझ्या सुवाच्य अक्षरात एक चिठ्ठी लिहून रामस्वामीच्या हाती दिली: नंबर १४ येथे फक्त माझ्या नावाची पत्रे टाकावीत, इतर कोणतीही स्वीकारली जाणार नाहीत, ती पाठवणाऱ्याकडे परत करावीत. चार पत्रे परत गेली की लोक योग्य नंबर लिहायला शिकतील, असा माझा हिशेब होता.

त्या वेळी गजेंद्र माझ्या ध्यानात नव्हता असे लिहिले तर ते असत्य होईल. तो ध्यानात आला होता. पाच वर्षे ज्याने एक ओळ लिहिली नाही तो आता कशाला लिहील, असे म्हणून मी चिठ्ठीची घडी घातली. कृष्णाजीरावांना मी काहीच सांगितले नाही.

पत्रे थांबली. कृष्णाजीरावांनी त्याचा अर्थ आपल्या सरळ स्वभावाप्रमाणे लावला. “पाहा सार, तुमचंच खरं झालं,” ते ओट्यावरून म्हणाले. “लोक शिकले. चौदास आता कोणी लिहीत नाही.” तरी टपालाची वेळ टळली की ते समोरून विचारत, “आज काही?” मी फाटकातून हात हलवून म्हणे, “काही नाही.” माझ्यापुरते ते खरे होते. माझ्या घरात काहीच येत नव्हते.

जानेवारीत त्यांना दम लागू लागला. ओट्यावर येणे बंद झाले, तेव्हा लोक खिडकीशी उभे राहून सल्ला विचारत. कुमुदिनीचे मूल तेव्हा दोन वर्षांचे होते. तिने त्याला खिडकीत उभे करून “एकवीस, पिळ्ळैयार कोइल गल्ली” म्हणायला लावले. कृष्णाजीराव फार दिवसांनी हसले. शेवटच्या आठवड्यात मी रोज बसायला जात असे. आवाज राहिला नव्हता. ते भुवया उंचावून माझ्याकडे पाहत. प्रश्न मला कळे. मी मान हलवून नाही म्हणे.

अंत्यसंस्कार पुतण्याने केले. एका इंग्रजी दैनिकात मी चार ओळींची बातमी दिली. ती तांबरमला मीनाक्षीच्या भावाने वाचली आणि गजेंद्रला भिलाईला तार केली. दहाव्या दिवशी सकाळी गजेंद्र आला. बरोबर मीनाक्षी आणि तिच्या कडेवर चौदा महिन्यांचा मुलगा. कनकाबाई उंबऱ्यातून बाहेर आल्या, सुनेच्या हाताला धरून तिला आत घेऊन गेल्या, आणि मग ओट्यावर येऊन मुलाला म्हणाल्या, “एक ओळ लिहिली असतीस. तेवढीच वाट पाहत गेले.”

गजेंद्रने खिशातून एक इनलँड पत्र काढले. चिकटवलेले, न उघडलेले. “लिहिलं होतं, आई. सप्टेंबरात. मुलगा झाला, माझ्या आजोबांचं नाव राणोजी ठेवलंय, दिवाळीला घेऊन येऊ का, म्हणून. हे असं परत आलं. त्यांनी घेतलं नाही. मग कोणत्या तोंडानं येऊ?”

पत्रावर ‘रिफ्यूज्ड’ असा शेरा होता. पत्त्यात वडिलांचे पूर्ण नाव होते आणि त्याखाली, लहानपणी पाठ केल्याप्रमाणे, नंबर चौदा.

मी ओट्याच्या कडेला बसलो होतो. पत्र कोणी परत पाठवले हे त्या दोघांना कधीच कळले नसते. मी उभा राहिलो आणि चिठ्ठीची तारीख, तिच्यातला मजकूर, तिच्यामागचे कारण, सारे क्रमाने सांगितले. कनकाबाईंनी एकच विचारले.

“ते रोज विचारीत होते, ‘आज काही?’ तुम्ही काय म्हणत होता?”

“काही नाही, म्हणत होतो.”

“हो. मीही आतून ऐकत होते.”

त्या आत गेल्या आणि पंचांगातले ते कोरे पत्र आणून त्यांनी गजेंद्रच्या हातात दिले. त्याने ते उलटून पाहिले. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात ‘१४’ खोडलेले नव्हते. त्याच्यापुढे वडिलांच्या अक्षरात नंतर लिहिले होते: ‘नवा ३१’. मग कनकाबाईंनी मुलाचे पत्र उचलले आणि माझ्यापुढे धरले.

“मी उघडून वाचते,” मीनाक्षी तमिळमध्ये सासूला म्हणाली, “त्यांच्या फोटोपुढे.”

“नको. ज्याचं आहे त्यानंच उघडायचं,” कनकाबाई म्हणाल्या, आणि मला, “पोचवीन म्हणून तुम्ही म्हणाला होता ना त्यांस? घ्या.”

मी ते घेतले.

यानंतर जे झाले ते असे. तेराव्यानंतर गजेंद्र आईला भिलाईला घेऊन गेला. घर भाड्याने दिले आहे. रामस्वामीकडून मी ती चिठ्ठी परत मागून घेतली आणि दुसरी दिली: नंबर चौदाची सर्व पत्रे, नाव काहीही असो, माझ्याकडे टाकावीत. मंडळाचा जुना ठराव मीच रद्द करवून घेतला. गल्लीतील त्रेचाळीस दारांवर नव्या नंबराखाली जुना नंबर लहान अक्षरांत लिहिला; रंगारी लावला नाही, माझ्या हाताने लिहिला. सुरुवात एकतीसपासून केली. गजेंद्रला मी चार पत्रे पाठवली. ती परत आलेली नाहीत आणि त्यांना उत्तरही नाही.

कनकाबाई गेल्या वर्षी वारल्या. त्याआधी त्यांचे एक कार्ड आले होते, सुनेच्या अक्षरात. नातू आता बोलतो, घराचा नंबर पाठ म्हणतो, असे त्यात होते. कोणत्या घराचा, ते लिहिलेले नव्हते.

ते इनलँड पत्र माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहे. ते मी उघडलेले नाही. पोचवायचे राहिले आहे.