दवाखान्यात दहा, घरी किती?

छातीच्या दवाखान्यात नोकरी केली की किस्से आपोआप साठतात. घरात रिकाम्या बाटल्या साठतात ना, तसे. आज काढू, उद्या काढू म्हणता म्हणता कपाट भरून जातं. माझ्याकडे तर नुसत्या घोरणाऱ्यांचंच एक कपाट आहे. आमचा भुजाडे कंपाउंडर अजूनही भेटला की पहिलं तेच उघडतो.

मी कुसुम. धंतोलीतल्या त्या दवाखान्यात मी सिस्टर होते. डॉक्टर परदेशात शिकून आलेले, अन् येताना घोरणाऱ्यांसाठी मशिनी घेऊन आलेले. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नागपुरात असलं काही कुणी पाहिलं नव्हतं. ट्रंकेएवढी पेटी, तिला जाडजूड नळी, अन् नळीच्या टोकाला नाकावर बसवायचा मास्क.

काही माणसांचा गळा झोपेत मिटतो. श्वास अडतो, माणूस गुदमरून दचकतो, परत झोपतो, परत अडतो. रात्रभर हाच खेळ. मग दिवसा तो बसल्या जागी पेंगतो. ही पेटी नाकातून हवा दाबून सोडते अन् गळा उघडा ठेवते. दाब किती ठेवायचा ते ठरवायला पेशंटला एक रात्र दवाखान्यात झोपवायचं आणि घोरणं थांबेपर्यंत बटण फिरवत जायचं. थांबलं की बटणावर चिकटपट्टी, पट्टीवर डॉक्टरांची सही. घरी कुणी हात लावायचा नाही.

"आकडा इथे ठरतो, घरी फक्त झोपायचं," डॉक्टर म्हणायचे.

घरी जाऊन दाब तपासायचं काम माझं. पिशवीत एक वाकवलेली काचेची नळी असायची, तिच्यात निळी शाई घातलेलं पाणी, बाजूला आकड्यांच्या खुणा. मास्कला लावली की दाबाप्रमाणे पाणी चढायचं. दवाखान्यात दहावर चढलेलं पाणी घरीही दहावर चढायला हवं, इतका साधा हिशेब. तो कधी जुळेल तर शप्पथ.

बाकी पेशंटांवर आम्ही हसायचो. रामटेके आले की मात्र भुजाडेचीही मस्करी बंद व्हायची.

रामटेके कन्हानच्या पलीकडच्या एका खाणीत इंजिन चालवायचे. दोरावर लोंबणारा पिंजरा, त्यात उभी माणसं, अन् तो पिंजरा खाली सोडायचा आणि वर ओढायचा, हे त्यांचं काम. एका दुपारी त्यांना लिव्हरवरच डुलकी लागली. पिंजरा थांबायच्या खुणेच्या वर गेला, ब्रेक लागला, आतली माणसं एकमेकांवर आदळली. हातपाय खरचटले, कुणाचं कपाळ फुटलं, एवढ्यावर निभावलं. रामटेकेंना तिथून उठवून कामगारांना दिवे वाटायच्या खोलीत बसवलं. दिवाळीपर्यंत डॉक्टरांनी ठणठणीत म्हणून लिहून दिलं तर इंजिन परत, नाही तर कायमचं गेलं, असं मॅनेजरनं सांगितलं.

त्यांचा आकडा दहा निघाला. पेटी घरी गेली. अन् माणूस दिवसा पेंगतच राहिला.

* * *

त्याच उन्हाळ्यात बर्डीच्या बाजारातले एक कापडवाले शेठ तणतणत आले. "सिस्टर, तुमची मशीन दिवसा पैलवान अन् रात्री बिमार."

दुपारी त्यांच्या घरी जाऊन नळी लावली. पाणी नऊवर, आकडाही नऊच. मी म्हटलं, शेठजी, मशीन उत्तम आहे, तुमचा वहम आहे. शेठनी मला सरबत पाजलं, मुलांच्या शाळेची चौकशी केली, अन् संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. दिवेलागण झाली. गल्लीतले कूलर एकेक करत सुरू झाले. बल्ब पिवळा पडला, पेटीचा आवाज घोगरा झाला, अन् माझ्या डोळ्यांदेखत निळं पाणी सहावर येऊन बसलं.

"आता कोनाचा वहम आहे?" शेठ म्हणाले.

दवाखान्यात स्टॅबिलायझर होता. शेठच्या गल्लीत कूलर होते. डॉक्टरांना सांगितलं तर ते विजेवर चिडले, जणू विजेनं मुद्दाम केलं.

मी दुसऱ्याच दिवशी रामटेकेंसाठी कन्हानची बस पकडली. मनात म्हटलं, सापडलं एकदाचं. तिथे गेले तर खाणीच्या कॉलनीतली वीज ठणठणीत. संध्याकाळपर्यंत थांबले, बल्ब पिवळा पडला नाही. पाणी दहावरच. रामटेके स्टुलावर बसून नळीकडे बघत होते, मी मान हलवली तेव्हा त्यांनी खाली पाहिलं. त्यांची बायको इंदूबाई चहा ठेवून भिंतीला टेकून बसली होती.

* * *

मग महाल भागातले हेडमास्तर. निवृत्त, कडक इस्त्रीचे. दवाखान्यात मास्क असा बसला की डॉक्टरांनी मला बोलावून दाखवला. घरी मात्र रात्रभर फुस्स फुस्स. हवा बाजूनं निघून जायची अन् मास्तरीणबाई म्हणायच्या, घरात सायकलचं दुकान उघडलंय.

तीनदा गेले मी. नळी लावली, दाब बरोबर. चौथ्या वेळी मास्तरीणबाईंनी कपाटावरची वाटी दाखवली. वाटीत पाणी, पाण्यात मास्तरांची कवळी.

"तुम्ही दवाखान्यात कवळी काढली नव्हती?" मी विचारलं.

मास्तर ताठ बसले. "परक्या बाईसमोर?"

दात काढले की गाल अन् वरचा ओठ आत जातात, मास्क कशाला टेकणार? एवढी अक्कल शिकवणाऱ्या माणसाला एवढं सांगता आलं नाही. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. पण त्या माणसाचे कान लाल झालेले पाहून मी नळी पिशवीत भरली.

त्या दिवसापासून डॉक्टरांनी नियम काढला. दवाखान्यात झोपायला येणाऱ्यानं घरी झोपतो तसंच झोपायचं. काही लपवायचं नाही, काही बदलायचं नाही.

रामटेकेंचे दात विचारू नका. ऊस दातानं सोलायचे.

* * *

हा नियम पारशिवनीच्या पाटलांनी शब्दशः घेतला. घरी घोरणं थांबत नाही म्हणून त्यांना परत एक रात्र झोपायला बोलावलं होतं. दवाखान्यासमोर त्यांचा मेटॅडोर थांबला अन् आधी उतरली बाज. मग गादी, मग लोड, मग हुक्का. भुजाडेनं हात टेकले. "पाटील, एका रातीसाठी आले का बिऱ्हाड हालवून राहिले?"

"डॉक्टरसाहेब म्हनले ना गा, घरच्यासारखं झोपा. मंग?"

डॉक्टर खूश होते. शिस्तीचा पेशंट मिळाला म्हणाले. तेवढ्यात पाटलांनी डबा उघडला. सावजी मटणाच्या वासानं सगळा दवाखाना भरला. रस्सा ओरपून झाल्यावर त्यांनी गादीखालून बाटली काढली अन् माझ्याकडे वळले.

"ताई, एक गिलास भेटन काय? डॉक्टरसाहेब घेतीन त दोन."

डॉक्टरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ओरडणार होते, पण नियम त्यांचाच. पाटील पोटभर जेवले, पोटभर प्याले अन् लोडाला टेकून झोपले. पहिल्यांदा आले होते तेव्हा आकडा निघाला होता आठ. आता बटण बारापर्यंत फिरवावं लागलं, तेव्हा कुठे घोरणं थांबलं. दारूनं गळा जास्तच ढिला पडतो. घरी आठवर त्यांचं काहीच का होत नव्हतं ते तेव्हा समजलं.

"पिणं सोडा, आठ पुरेल," डॉक्टर म्हणाले.

"बारावरच राहू द्या," पाटील म्हणाले.

रामटेके दारूला शिवत नव्हते. संध्याकाळी बुद्धवंदना, मग भाकरी, मग झोप. ना वीज, ना दात, ना दारू. दिवाळी जवळ येत चालली होती.

* * *

दसऱ्याच्या आधी रामटेके नवरा-बायको दवाखान्यात आले. रामटेकेंचे डोळे सुजलेले. डॉक्टरांनी माझ्या नळीचा आकडा पुन्हा विचारला, मी दहा सांगितला. मग ते खुर्चीत मागे रेलले.

"दाब बरोबर. मशीन बरोबर. इथे तुम्ही रात्रभर छान झोपलात. म्हणजे घरी तुम्ही मास्क लावतच नाही, रामटेके."

"लावतो साहेब."

"खोटं बोलू नका."

रामटेके उभे राहिले. आवाज चढवला नाही, टेबलाच्या कडेवर हात ठेवला. "साहेब, मी मानसं उतरवतो. माह्या हातात त्यायचा जीव राह्यते. त्या दिवशी पिंजऱ्यात माह्या साळ्याचा पोरगा होता. अन् मी झोपेसाठी खोटं बोलीन?"

"मग मला लिहून देता येणार नाही," डॉक्टर म्हणाले.

मला डॉक्टरांचा असा राग आला की हातातला ट्रे मी आपटलाच. बाहेर आले. बाकावर इंदूबाई होती. आत नवऱ्याची रोजीरोटी जात होती, अन् ही बाई भिंतीला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून भर दुपारी गाढ झोपली होती. मी तिला हलवणार होते, अन् तिथेच थांबले. कन्हानला गेले तेव्हाही ही अशीच भिंतीला टेकून बसली होती.

"इंदूबाई, तुम्ही काहून झोपून राहिल्या वं? रात्री झोपत नाही काय?"

ती दचकून उठली. आधी पदर सावरला, मग रडायला लागली.

"कशी झोपू सिस्टर? लगन झालं तवापासून यायचं घोरनं ऐकतो मी. घोरनं बंद पडलं का समजते, श्वास अडला. मंग हलवतो. हलवलं का परत सुरू होते. मी झोपली अन् हे तसेच राह्यले त? अन् आता तुमची हे मशीन. लावली का घोरनंच बंद. सगळं चुप. माहा त जीवच जाते."

"मग काय करता?"

"मास्क काढतो. घोरले का समजते, जित्ते आहे. मंग परत लावून देतो. थोड्या येळानं परत काढतो."

रामटेके खोटं बोलत नव्हते. मास्क लावून झोपत होते अन् मास्कसकटच उठत होते. मधलं त्यांना काहीच माहीत नव्हतं. दवाखान्यात त्या रात्री इंदूबाई नव्हती, एवढाच काय तो फरक.

मी तिला हात धरून आत नेलं. पेटी सुरू केली, मास्क स्वतःच्या नाकावर बसवला. त्या मास्कला समोर एक बारीक भोक असतं, सोडलेला श्वास तिथून बाहेर पडतो. तिचा तळवा मी त्या भोकासमोर धरला. मी श्वास सोडला की तिच्या हाताला वारं जोरात लागायचं, घेतला की कमी.

"हे समजतं?"

ती बराच वेळ हात धरून उभी होती. "समजते," म्हणाली.

"मग घोरणं ऐकायचं नाही. हात धरायचा. मास्कला हात लावायचा नाही."

डॉक्टर सगळं बघत होते. त्या दिवशी त्यांनी चहा सांगितला, रामटेकेंसाठीही. माफी काही मागितली नाही.

* * *

दिवाळीच्या आधी रामटेके आले ते वेगळेच दिसत होते. डोळे उघडे, चेहरा तरतरीत. डॉक्टरांनी पुन्हा सगळं तपासलं, दिवसभर समोर बसवून ठेवलं, एकदाही डुलकी नाही. त्यांनी ठणठणीत म्हणून लिहून दिलं. मॅनेजरनं कळवलं, पहिल्या दिवशी डॉक्टरांनी हजर राहावं. डॉक्टरांनी मला आणि भुजाडेलाही सोबत घेतलं.

सकाळची पाळी होती. इंजिनघरात रामटेके लिव्हरवर. आधी रिकामा पिंजरा खाली गेला अन् वर आला. मग दगड भरून. दोन्ही वेळा खुणेवर बरोबर थांबला, एक बोटही इकडेतिकडे नाही. मॅनेजरनं माणसांना हात केला.

कुणी हललं नाही.

डोक्याला दिवे लावलेली माणसं पिंजऱ्यासमोर उभी होती. कुणी जमिनीकडे बघत होतं, कुणी दोराकडे. इंजिनघराची खिडकी उघडी होती, आत रामटेकेंना हे सगळं दिसत असणार. मॅनेजर ओरडले, मग समजावून पाहिलं. कुणाचा पाय उचलेना.

शेवटी म्हातारा मुकादम पुढे आला. त्याच्या कपाळावर त्या दिवशीच्या जखमेचा वण होता. शांतपणे म्हणाला, "आमचं रामटेकेशी काही वैर नाही. आमच्यातलाच आहे तो. पन ज्यायनं लिहून देलं, त्यायनं आमच्यासंगं पह्यले बसावं."

सगळ्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं.

"मी?" डॉक्टर म्हणाले. कुणीतरी त्यांच्या हातात हेल्मेट दिलं. त्यांनी ते घातलं, पट्टा बांधला, परत सोडला, परत बांधला. पिंजऱ्याच्या फळीवर एक पाय ठेवला अन् थांबले. फळीच्या फटीतून खालचा अंधार दिसत होता.

जाळीपाशी इंदूबाई उभी होती, रामटेकेंचा डबा घेऊन. डॉक्टरांनी मान वळवली. एरवी दवाखान्याचा आकडा ठणकावून सांगणाऱ्या माणसाचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"इंदूबाई, काल रात्री मास्क काढला नव्हता ना? रात्रभर होता?"

इंदूबाई गोंधळली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे.

"मले काय मालूम डॉक्टरसाहेब," ती म्हणाली. "मी त झोपली होती."

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. मग दुसरा पाय उचलून आत गेले. त्यांच्यामागून मुकादम चढला, अन् मग बाकीचे.