अण्णांचे बूट

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. बसवनगुडीच्या गुंडोच्या पाठीमागे तर दोन होते. एक कचेरीतला: विमा कंपनीत तो मृत्यूच्या दाव्यांचे कागद तपासायचा, त्यामुळे कोण कशानं गेलं हे त्याला रोज सकाळी साडेदहापासून वाचावं लागे. दुसरा घरातला. त्याचे वडील, अण्णा, चौतीस वर्षांपूर्वी पहाटे पार्कात चालायला गेले आणि मेंदूतली शीर फुटून तिथंच कोसळले. गुंडो तेव्हा म्हैसूरला शिकत होता. घरी पोचला तेव्हा जमलेल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य होतं, "चालायला गेले नि गेलेच." अण्णांचं वय होतं छप्पन्न. यंदा गुंडोला छप्पन्न लागलं.

आणि नेमकं यंदाच कचेरीतल्या तपासणीत त्याचा रक्तदाब निघाला वर एकशे अठ्ठ्याहत्तर, खाली एकशे चार.

"गोळी रोज घ्या," डॉक्टर शिवकुमारांनी कन्नडमधून समजावलं. "आणि चाला. पहिल्या आठवड्यात दहाच मिनिटं, दमाल इतकं नाही. मग हळूहळू अर्ध्या तासावर न्या. नेमानं चाललात तर दोन-तीन महिन्यांत फरक दिसेल." गुंडोला त्यातलं 'चाला' तेवढंच ऐकू आलं. त्याच्या लेखी डॉक्टरांनी अण्णांच्याच वाटेला जायला सांगितलं होतं.

बायको सुनंदा मात्र कामाला लागली. त्याच संध्याकाळी गांधी बाजारातून तिनं त्याच्यासाठी करडे बूट आणले. दुसऱ्या दिवसापासून गुंडो सहाच्या ठोक्याला बूट घालून बाहेर पडू लागला. कोपऱ्यापर्यंत जायचा, तिथल्या बाकावर बूड टेकायचा, समोरच्या हॉटेलातली कॉफी मागवायचा आणि गळ्यापाशी बोट ठेवून ठोके मोजत बसायचा. ठोका जरा जोरात लागला की याला दरदरून घाम. चाळीस मिनिटांनी उठायचा. ज्या दिवशी घाम आला नसेल त्या दिवशी घरात शिरण्यापूर्वी अंगणातल्या नळाचं पाणी कपाळावर शिंपडायला विसरायचा नाही.

तीन महिन्यांनी दाब निघाला एकशे सहासष्ट.

"चालता ना?"

"रोज, सर. चाळीस मिनिटं."

डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. "गोळी घेऊन, एवढं चालूनही उतरत नाही? मग मूत्रपिंड तपासू, हृदय तपासू. तोवर आणखी एक गोळी वाढवतो." गुंडोचं धाबं दणाणलं. खरं सांगायला हीच वेळ होती, पण गड्यानं नव्या गोळीची चिठ्ठी खिशात घातली. रिक्षात बसल्यावर तर त्याला रडूच यायला लागलं. चालूनसुद्धा उतरत नाही म्हणजे आपलं काही खरं नाही, असं तो मनाशी म्हणत होता. आपण चाललोच नाही, हे तो स्वतःच विसरला होता. भीती माणसाला इतकं खुळं करते.

पुढच्या आठवड्यात अण्णांचं श्राद्ध आलं. सकाळीच जयनगरहून थोरली बहीण कावेरी आली. सुनंदा सोवळ्यानं स्वयंपाकघरात होती, म्हणून मोठी पातेली काढायला गुंडो माळ्यावर चढला. पातेल्यांमागून एक पुठ्ठ्याचा खोका निसटला आणि कावेरीच्या पायाशी पडला. खोक्यातून पांढरे कॅनव्हासचे बूट बाहेर आले. आता ते पिवळे पडले होते.

"अय्यो! आईनं ठेवले होते होय हे?" कावेरी खाली बसली. "अण्णांचे. मी घेतले होते, माझ्या पहिल्या पगारातून."

गुंडो शिडीवरून उतरला. हात लावायचं धैर्य होईना. "हेच घालून गेले ना?"

"हेच. उलटे करून बघ."

त्यानं बूट उलटा केला. रबर कडक झालं होतं, पण तळाची नक्षी दुकानातून आणल्यासारखी उठून दिसत होती.

"एकच दिवस घातले रे," कावेरी म्हणाली. "सहा वर्षं डॉक्टर सांगत होते, चाला, चाला. अण्णा म्हणायचे, नाळे नोडोण, उद्या बघू. आणि एके दिवशी लहर आली. आता मी चालणार, गोळ्या कशाला, म्हणून गोळी न घेताच गेले. पहिल्याच दिवशी शेजाऱ्यांच्या बरोबरीनं चार फेऱ्या, त्याही पळत."

"म्हणजे चालण्यानं..."

"चालण्यानं कसले जातात! चालले असते तर सहा वर्षं होती की त्यांच्या हातात. तुला कोणी सांगितलंच नाही?"

सांगितलं नव्हतं, कारण त्यानं विचारलंच नव्हतं. गुंडो अण्णांचा बूट हातात घेऊनच दाराशी गेला आणि सुनंदानं आणलेला करडा बूट उचलून उलटा केला. तीन महिने झाले होते, पण तळाची नक्षी तशीच्या तशी होती. दोन्ही हातांत एकेक बूट घेऊन तो नुसता उभा राहिला.

"मला ठाऊक आहे," स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआडून सुनंदा म्हणाली. "रोज मीच पुसते ते. विचारायची भीती वाटली. विचारलं आणि तुमचा दाब चढला तर?"

दुसऱ्या दिवशी सहाला ती त्याच्याबरोबर निघाली. गोळ्या घेतल्याची तिनं खात्री केली होती आणि कचेरीत जायच्या आधी डॉक्टरांना खरं सांगायचं ठरलं होतं. गुंडो जीव मुठीत धरून चालत होता. कोपरा आला, बाक आला, आणि पाय सवयीनं थबकले. सुनंदानं त्याचं कोपर धरलं. बाक मागे पडला. इथून पुढचा रस्ता त्यानं तीन महिन्यांत पाहिला नव्हता. कानात ठोके वाजत होते.

"किती झाली?" त्यानं विचारलं.

सुनंदानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "दोन मिनिटं."

"स्वल्प हळू चाल," तो म्हणाला आणि तिचा हात घट्ट धरून पुढचं पाऊल टाकलं. अजून आठ मिनिटं उरली होती.