राणाचं बसणं

पोस्टिंग सीमेवर होतं, पण खरी भीती मला भेटली पुण्यात, आमच्या कसबा पेठेतल्या घरापासून तासाभराच्या अंतरावर.

मी सैन्याच्या श्वानपथकात हँडलर, राणा माझा लॅब्रडॉर. सुरुंगाचा वास लागला की भुंकायचं नाही, उकरायचं नाही, गुपचूप खाली बसायचं. तो बसला की मागून येणारं जवानांचं सगळं सेक्शन जागच्या जागी थांबायचं. एकदा उतारावरून घसरला आणि मागचा डावा पाय टेकेना. उपचारांसाठी आम्हाला पुण्याला धाडलं.

आई म्हणाली, “कुत्र्याच्या गुडघ्यासाठी आलास होय! माझे दोन्ही दुखतात, तेव्हा बरी रजा मिळाली नाही.” पण रोज दुपारी त्याच्यासाठी भाकरी ती स्वतः बांधून द्यायची.

लष्कराच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या मेजर डॉक्टर मॅडमनी मला कुत्र्याचे सांधे शिकवले. मागे वाकलेला दिसतो तोच गुडघा, असं मी धरून चाललो होतो.

“तो हॉक. म्हणजे घोटा. गुडघा वर, पोटाजवळ. बोट ठेव इथं.”

मांडीचं हाड, खाली नडगी, पुढे वाटी. गुडघ्यातला बंध, म्हणजे लिगामेंट, तुटला होता. ऑपरेशन झालं. मग पाण्यातून चालवणं, मांडीच्या स्नायूंना मालिश.

“बसताना पाय बाहेर टाकतोय, तोवर गुडघा दुखतोय समज,” मॅडम म्हणाल्या.

त्या काळी अनफिट कुत्र्याच्या नशिबी निवृत्ती नव्हती, मरणाचं इंजेक्शन होतं. ते कुणी मोठ्यानं बोलायचं नाही.

फिट की अनफिट ठरवणारी चाचणी एका सकाळी झाली, खडकवासल्याच्या बाजूच्या माळावर. स्फोटकाचा नमुना पुरलेला. हँडलरनं ‘बस’ म्हणायचं नाही, खूणही करायची नाही. कुत्र्यानं आपणहून बसायला हवं. राणानं वास घेतला. थांबला. बसेना. मागचे पाय थरथरत होते.

“नाईक, बसत नाही हा. नापास लिहू?” चाचणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं.

“थोडं थांबा, साहेब.”

आणि राणा बसला. सरळ, दोन्ही पाय आत घेऊन.

“फिट,” मॅडम म्हणाल्या. मी सगळ्यांदेखत रडलो. लाजबिज काही वाटली नाही.

सीमेवर परतल्यावर पायवाटेच्या एका वळणाला राणा पुन्हा तसाच बसला. मी रेडिओ उचलला.

“डॉग सिटिंग. ऑल स्टॉप. ओव्हर.”

“रॉजर. कुत्र्याला मागे घे.”

मी हाक मारली. तो उठला. उठताना मागचा डावा पाय सुरुंगावर सरकला, आणि स्फोट झाला. सेक्शनमधल्या एकालाही ओरखडा नाही. राणा जागीच गेला. त्याला आम्ही तिरंग्यात गुंडाळलं.

रजेवर घरी आलो, तर उंबऱ्यातच आईनं विचारलं, “त्याचा गुडघा कसा आहे रे?”

“बरा झाला होता,” मी म्हणालो. माझ्या हातात नुसता त्याचा पट्टा होता. आईनं तो घेतला, पदरानं पुसला आणि देवघरात ठेवला.