दोनच हाका

निजामाच्या राज्यात पुढचं शिकायचं तर हैदराबाद गाठायचं. ठाणाकुशनूरहून निघालो त्या दिवशी भर दुपारी बैल जुंपलेले. आईनं हातावर दही घातलं, तेवढ्यात कडब्याच्या गंजीमागून हाक आली, "व्यंक्या!"

मी ओ देणार तोच आईनं तोंड दाबलं. आमच्याकडं पहिल्या दोन हाकांना ओ देत नाहीत. मेलेलं माणूस दोनदाच बोलावतं, तिसरी हाक जित्याची.

"व्यंक्या!"

"आई, अक्का बोलवायलीय."

"अक्का आत निजलीय. गप बस!"

अक्का माझी थोरली बहीण. नवरा तापानं गेल्यावर माहेरी आली. तिला त्याचं बोलणं ऐकू यायचं, म्हणून गाव तिला झपाटलेली म्हणे आणि लांबून जाई.

तिसरी हाक आली नाही. वडलांनी बैल हाकले. वळणावर मागं पाहिलं तर अक्का गंजीला टेकून उभी. ओठ हलत होते, आवाज नव्हता. गाडी थांबवा म्हणालो नाही. भ्यालो होतो, खोटं कशाला सांगू?

सुट्टीत गेलो तेव्हा आई म्हणाली, "तू गेलास तवापासनं बोलतच न्हाई रं ती." दोनदा बोलावून ओ मिळाली नाही, तिसऱ्यांदा कोण बोलावील? मी तिच्यापुढं बसून शंभरदा ओ दिली. ती माझ्या खांद्यावरून मागं बघत राहिली, तिथं कुणी उभं असल्यासारखी. तशीच मुकी गेली.

तिच्यापायीच मी मनाच्या दुखण्यांचा डॉक्टर झालो. दवाखान्यात शिकवणारे उस्ताद ताकीद द्यायचे, मरीजला ऐकू येणाऱ्या आवाजांकडं लक्ष द्यायचं नाही. अरे देवा, म्हटलं, हाकेला ओ न देणारं आमचं गावच इथं येऊन बसलंय की! मी मात्र विचारतो, आवाज काय म्हणतो, रागावतो का, जेवायला बोलावतो का.

परवा एक म्हातारे शिंपी आले. मेलेला मुलगा हाका मारतो, एवढंच बोलले. दुपार होती. खिडकीबाहेरून स्वच्छ ऐकू आलं, "व्यंक्या!" या शहरात मला त्या नावानं ओळखणारं कुणी नाही.

"ओ, अक्का," मी म्हणालो.

म्हातारे दचकले. "आपकूबी सुनाई देता?"

"हौ."

त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि मुलाचं नाव सांगितलं. मग संध्याकाळपर्यंत बोलत होते.

गावी राहिलेल्यांनो, माझ्यासारखे निघून आलेल्यांनो, तुमचं घर कुठंही असो. माझं त्या हाकेत आहे. पूर्वी ती येईल म्हणून भ्यायचो. आता यायची थांबेल म्हणून भितो.